दादाचा गेटवरचा फोटो

वर्ष होत आलं, दादाच्या घरी गेलो की मी बैठकीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. वहिनीला वाटतं, भाऊजींना हवा लागते म्हणून बसतात. हवा कसली! त्या खुर्चीत बसलं की दारासमोरच्या भिंतीकडे पाठ होते, एवढाच तिचा गुण. बाकी तिचा एक पाय आखूड, वेताला भोक, आणि टेकलं की अशी किंचाळते की मदन महल स्टेशनात उभी असलेली गाडी गार्डाची शिट्टी समजून सुटावी. तरी मी तिथेच बसतो. भिंतीवर आमच्या बाबांचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी एक खिळा आहे. खिळ्यावर काही नाही. ते जे काही नाही, ती माझी करणी.

आमचे बाबा इथे जबलपुरातल्याच एका कारखान्यात होते. दादाही त्याच कारखान्यात लागला. आमच्याकडे कारखान्यातून रिटायर होणं ही गुपचूप उरकायची गोष्ट नसते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ज्याची नोकरी संपली तो माणूस कमरेपासून नाकापर्यंत झेंडूचे हार घालून गेटमधून बाहेर येतो. बाहेर बँड उभा असतो, घरचे, गल्लीतले, व्याही, जुने दोस्त, सगळे. गुलाल उडतो, फुलांनी मढवलेल्या जीपमध्ये बसवून त्याला वाजतगाजत घरी आणतात. वरातच म्हणा ना. नवरदेव साठीचा आणि घोड्याच्या जागी जीप, एवढाच फरक. पण खरा क्षण एकच, गेटमधून पाऊल बाहेर पडतं तो. बाबांचा त्या क्षणाचा फोटो आहे. दादाला आपलाही तसाच हवा होता. दादाने आयुष्यात जे जे मागितलं ते सगळं पोस्टाच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून वर जागा उरेल. त्यातलं हे एक. रिटायर व्हायला कितीतरी दिवस होते, तेव्हाच त्याने पट्टीने अंतर मोजून बाबांच्या शेजारी खिळा ठोकून ठेवला.

आणि फोटो काढणार होतो मी. कारण अख्ख्या जबलपुरात माझ्याइतका कॅमेऱ्यांचा अभ्यास केलेला माणूस नाही. हे मी नाही म्हणत, माझी बायको म्हणते. ज्या सुरात म्हणते तो सूर मात्र कागदावर उतरत नाही.

तो अख्खा हिवाळा मी एकाच प्रश्नाशी कुस्ती खेळत होतो. रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचा, पण रोलवाला की डिजिटल? रेंजफाइंडर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी माणूस. तरी सांगतो, पुढचं सगळं त्याच्यावर अडलंय. नेहमीच्या मोठ्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच पाहतो. ह्याच्यात नाही. ह्याला वरच्या कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, डोळा तिला लावायचा. लेन्स खाली आपलं काम आपल्या मनाने करत असते. खिडकीच्या मधोमध एक छोटा पिवळट चौकोन, आणि त्यात समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात, एक जरा सरकलेलं. लेन्सची कडी हळूहळू फिरवली की ती दोन चित्रं सरकत सरकत एक होतात. एक झाली की फोकस झाला. शिवाय खिडकीत फोटोची चौकट आखलेली असते आणि चौकटीबाहेरचंही दिसतं, म्हणजे माणूस फोटोत शिरायच्या आधीच तो येताना कळतो. हे मी आमच्या सरकारी कचेरीत इतक्या वेळा समजावलं की साहेब मला पाहून टेबलाखाली पेन शोधायला लागायचे. साहेब अजून ते पेन शोधत आहेत.

हा रोग मला भेडाघाटला लागला. संगमरवराच्या खडकांमध्ये नावेत एक म्हातारे प्रवासी बसले होते, त्यांच्या गळ्यात असा एक कॅमेरा. मला एकदा खिडकीतून पाहू दिलं. दोन नावाडी सरकत सरकत एक झाले आणि माझी नोकरी, संसार, गुडघेदुखी, सगळं नर्मदेत बुडालं. नाव काठाला लागल्यावर म्हाताऱ्यांना कॅमेरा माझ्या हातातून सोडवून घ्यायला दोन नावाडी लागले, असं मी सांगतो. एकच लागला होता.

आता पैसा. त्या वर्षी आमच्या घरात पैसा मोजायचं माप होतं वॉशिंग मशीन. आमची जुनी मशीन कपडे पिळताना मोरीतून निघून बैठकीत यायची, पाहुण्यांना भेटून परत जायची. बायकोने फर्मान काढलं, "एक मशीन माझी. तेवढ्यात बसेल तो कॅमेरा तुमचा. वर एक रुपया मागितलात तर मशीनमध्ये तुम्हालाच टाकीन."

डिजिटल रेंजफाइंडर दुनियेत बनतात मोजके, आणि जे बनतात ते बनवणाऱ्याला बहुतेक आमच्यासारख्यांचा राग असावा. सेकंडहँडमध्ये इंदूरच्या एका गृहस्थाकडचा सगळ्यात जुना, सगळ्यात थकलेला मिळत होता, तोही तीन मशिनी आणि एक मिक्सर इतक्या किमतीला. वर त्याच्या प्रत्येक फोटोत मधोमध एक उभी रेघ यायची आणि बॅटरी फुगलेली. "रेघ की आदत हो जाती है, भाईसाहब," तो फोनवर म्हणाला. रोलवाला मात्र इथेच ओमतीत, घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काचेमागे बसून होता. जुना जपानी, अर्ध्या मशिनीत येणारा. पण त्याला रोल लागतो, रोल महाग, आणि इथे धुवून देणारं कोणी उरलेलं नाही, नागपूरला पाठवायचा. म्हणजे डिजिटलचा खर्च एकदाच, पण छाती फोडणारा. आणि रोलवाला भाजीवालीसारखा, थोडं थोडं करून रोज नेणारा. मी रात्रंदिवस हिशेब करत होतो. स्वप्नात मशिनी यायच्या.

एका रविवारी दादाला घेऊन दुकानात गेलो. दादा म्हणजे माझ्या अगदी उलट. मी एका वाक्यात तीन हत्ती घालतो, दादा तीन दिवसांत एक वाक्य बोलतो. दुकानदाराने कॅमेरा काढला, पुसला, माझ्या हातात ठेवला. इथे दोस्ताला बड्डे म्हणतात.

"ले जाओ बड्डे. इसमें बिगड़ने लायक कुछ है ही नहीं. बस मीटर मर गया है, उजाला अंदाज से देखना."

मी शटर दाबलं. खट्ट नाही, धाड नाही. मांजरीने शिंकावं इतका आवाज. माझ्या अंगावर काटा आला. दादाने कॅमेरा हातात घेतला, मागची बाजू उलटवून पाहिली, पुन्हा उलटवली.

"फोटो कुठे दिसते ह्याच्यात?"

"दिसत नाही. रोल धुतल्यावर दिसतो."

"मग तो दुसरा घे ना, ज्याच्यात लगेच दिसते. त्या दिवशी संध्याकाळी डिपार्टमेंटची पोरं घरी जेवायला येतील. त्यांना दाखवता येईल."

तीन दिवसांचं वाक्य त्याने तिथे खर्च केलं होतं. मी सरळ म्हणायला हवं होतं की दादा, माझ्याजवळ तेवढे पैसे नाहीत. दादाने मान हलवली असती, पुतण्याच्या मोबाइलवर काम झालं असतं. पण नाही. मी गरिबीला तत्त्वाचा सदरा घातला. दुकानात उभं राहून व्याख्यान दिलं. लगेच दिसतं ते लगेच विसरतं म्हणालो. डिजिटल म्हणजे चहाचा कागदी कप, रोल म्हणजे कांस्याचा पेला. धीर पाहिजे दादा, धीर. ही खिडकी बघ, लेन्समधून पाहायचंच नाही, नवशिके लेन्समधून पाहतात! लेन्सचा आणि डोळ्याचा संबंधच नाही! दुकानदार अर्धा तास हातातलं घड्याळ खाली ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हओ. अब ले भी लो."

दादा एवढंच म्हणाला, "तुझा अभ्यास आहे. तू सांगशील तसं."

माझ्यावर इतका विश्वास दुनियेत दुसऱ्या कोणी ठेवला नाही, आणि ठेवला असता तर मी त्याला ठेवू दिला नसता.

सरावाला एक रोल काढला. ग्वारीघाटची आरती, बड़ा फुहाऱ्यावर खव्याची जलेबी तळणारा, आमची बायको रागावलेली, बायको फार रागावलेली. नागपूरहून धुवून आला. जलेबीवाला असा आला होता की फोटोला मुंग्या लागाव्या. मात्र सुरुवातीचे काही फोटो कोरे. मी लॅबवाल्याला फोन करून सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बिचारा म्हणाला, "साहेब, टोपण तर नव्हतं राहिलं?" मी म्हणालो, "तुम्ही मला फोटोग्राफी शिकवता?" आणि फोन ठेवला. जलेबीवाल्याचा फोटो घरोघर फिरवला. कोऱ्यांबद्दल कोणाला काही बोललो नाही.

मग तो दिवस उजाडला.

गेटबाहेर जत्रा. बँडवाले गालफडं फुगवून, वहिनी नव्या साडीत, पुतण्या जीपला फुलं बांधून झालेला. कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना थोडंच जवळ जाऊ देतात! गार्डने दोरी बांधून सगळ्यांना रस्त्यापलीकडे, जीपच्या मागे उभं केलं होतं. मी पुढे होऊन हात जोडले.

"भैया, एक फोटो. बड़े भाई का आखिरी दिन है."

"एक आदमी, एक कैमरा," गार्ड म्हणाला. "बाकी कोई मोबाइल नहीं निकालेगा. और यहाँ से आगे नहीं."

पुतण्याने मागून माझी बाही ओढली. तो मराठी समजतो सगळी, बोलताना अर्ध्या रस्त्यात हिंदीची रिक्षा पकडतो.

"काका, गार्ड भैया को बोलके मी पण एक मोबाइलवर घेऊन घेऊ का? बॅकअप."

"बॅकअप?" मी इतक्या जोराने म्हणालो की बँडवाल्याचा एक सूर चुकला. "बेटा, लग्नात बॅकअप म्हणून दोन नवरदेव उभे करतात का?"

सगळे हसले. पोराने मोबाइल खिशात घातला. ते हसू मला आजही ऐकू येतं.

गुलाल आधीच उडायला लागला होता. लेन्समध्ये जाईल म्हणून मी टोपण लावून घेतलं. निष्काळजीपणाने नाही, काळजीने लावलं. नेहमीचा कॅमेरा असता तर डोळा लावताच अंधार दिसला असता. डिजिटल असता तर पहिल्याच फोटोला मागच्या पडद्यावर काळोख दिसला असता, मीटर जिवंत असतं तर त्याने तरी बोंब मारली असती. ह्याच्यात? खिडकी उघडी, ऊन झकास, सगळं लख्ख. भोंगा झाला. गेट उघडलं. हारांच्या ढिगाऱ्यातून दोन दादा बाहेर येताना दिसले, मी कडी फिरवली, दोन्ही दादा सरकत सरकत एक झाले, आणि त्याच वेळी मला असं काही दिसलं की मी श्वास धरून शटर दाबलं. काय दिसलं ते त्याच्या जागी सांगतो. बँड आणि जीप आड येत होती, दोरीमागच्या लोकांना ते दिसणं शक्यच नव्हतं. दिसलं ते मला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मनात म्हणालो, बस. हा फोटो बाबांच्या फोटोलाही मागे टाकेल.

मग गुलाल, मिठ्या, वहिनीचं ओवाळणं. वरात निघाली तेव्हा सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले आणि जीपमधल्या दादाचे शेकड्याने फोटो निघाले. मी त्या गर्दीकडे नवरदेवाच्या मामासारखा पाहत होतो.

संध्याकाळी दादाच्या घरी पंगत बसली. डिपार्टमेंटची मंडळी पुऱ्या अशा हाणत होती की तळणारीची कढई हात जोडायला लागली. एकाने विचारलं, "क्यों दादा, फोटो कहाँ है गेट का?" दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "भाई के पास है. रोल में है. ये मोबाइल वाला काम नहीं है." माझेच शब्द, पण किती अभिमानाने!

मी कॅमेरा ठेवायला आतल्या खोलीत गेलो. टोपण लावावं म्हणून खिशात हात घातला. नाही. दुसऱ्या खिशात नाही. हरवलं म्हणून हळहळलो. ओमतीला दुसरं मिळेल का, ह्याचा विचार केला. मग कॅमेरा उलटवला.

टोपण लेन्सवर होतं. वर गुलालाचा पातळ थर.

मी पलंगावर बसलो. बाहेर हशा चालला होता, कोणी तरी दादाला गाणं म्हणायला लावत होतं, आणि दादा, जो गात नाही, तो गात होता. मला तेव्हाच बाहेर जाऊन सांगता आलं असतं. मी टोपण काढलं, पुसलं, पुन्हा लावलं आणि जाऊन तीन पुऱ्या आणखी खाल्ल्या.

पुढचे आठवडे मी खोटं बोलण्यात अशी मजल मारली की माझं मलाच नवल वाटावं. दादा विचारायचा नाही. विचारायची वहिनी. "भाऊजी, आले का हो फोटो?" आधी नागपूरच्या लॅबवाल्याचं लग्न निघालं. मग त्याच्या लॅबमध्ये माकड शिरलं आणि रसायन प्यालं. मग कुरियरची गाडी सिवनीच्या जंगलात वाघ आडवा बसल्यामुळे थांबली. "दोन दिवस वाघ उठलाच नाही?" वहिनीने विचारलं. "गाभण होती वाघीण," मी म्हणालो. वहिनी हसून हसून बेजार. मीही हसलो. दादाही हसला, आणि मग म्हणाला, "येऊ दे. चांगल्या कामाला वेळ लागते. तूच म्हणतो ना, धीर पाहिजे."

पुतण्याने जीपमधला एक छान फोटो मोठा करून आणला, आणि म्हणाला, "तब तक ये लगा दो, पप्पा." दादाने पाहिला, चांगला आहे म्हणाला, आणि कपाटात ठेवला. "हा जीपचा आहे. काकाचा येऊन राहिला."

त्या दिवसापासून मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागलो. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती एकदाच बोलली, "तुमच्या वाघिणीला आता पिल्लं होतील. त्याच्या आधी सांगून टाका." नवी मशीन मोरीत शहाण्यासारखी गुरगुरत होती. माझ्याच मापाची अर्धी मशीन उरली होती, तिचे मी अजून दोन रोल आणून ठेवले होते. ते फोडायची हिंमत झाली नाही.

शेवटी सांगायला लावलं ते वहिनीने. एका सकाळी चहाला गेलो तर तिने पिशवीतून एक फ्रेम काढली. बाबांच्या फोटोला आहे अगदी तशीच, काठाला तशीच सोनेरी रेघ. बड़ा फुहाऱ्याची सगळी दुकानं पालथी घालून शोधली होती. "भाऊजी, ही नेऊन ठेवा. फोटो आला की ह्याच्यातच बसवून आणा. मला मापाचं कळत नाही."

फ्रेम हातात घेतली आणि माझ्याकडचे वाघ, माकडं, सगळे पळून गेले.

"दादा, फोटो नाही येणार."

"काहून? लॅबवाला..."

"लॅबमध्ये रोल गेलाच नाही. टोपण होतं लेन्सवर. मी काढलंच नाही ते. सगळं काळं."

वहिनीच्या हातातली बशी तशीच राहिली. पुतण्या मोबाइलमधून वर पाहायला लागला. दादाने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"काळं, गोल? समोर लावलेलं?"

"हो."

"ते पाहिलं होतं मी."

"पाहिलं होतं?" मी जवळजवळ ओरडलो. "मग बोलला काहून नाही?"

"अरे, तूच तर सांगून राहिला होता ना हिवाळाभर! ह्याच्यात लेन्समधून पाहायचं नसते, लेन्सचा अन् डोळ्याचा संबंध नाही. मला वाटलं, ह्याचं असंच असेल. झाकण लावूनच निघत असतील ह्याच्यात." दादा जरासा हसला. "एवढा अभ्यास केला तू. मी तुला काय शिकवू?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या प्रसाद म्हणून घेतल्या असत्या. त्याने फ्रेम माझ्या हातातून घेतली, वहिनीकडे दिली आणि म्हणाला, "राहू दे. काम येईल कशाला तरी." वहिनी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज मात्र आला.

मग दादाने विचारलं, "पण तुला तर दिसलं असेल ना? त्या खिडकीतून?"

"दिसलं."

"मग सांग ना. कसा आलो मी बाहेर?"

आता मी त्याच्या जागी सांगतो म्हटलं होतं ते हे. रोज सुट्टीला कारखान्यातून निघताना गेटवर झडती होते. दोन्ही हात वर करायचे, गार्ड कुशी, खिसे चाचपतो, मग सोडतो. दादाने सबंध नोकरी रोज हे केलं. त्या दिवशी गार्ड झडती कशाची घेणार? तो हात जोडून उभा होता. पण दादा गेटच्या बाहेर आला, जेवणाचा डबा खाली ठेवला आणि त्याने आपणहून दोन्ही हात वर केले. हार सरकून कानांपर्यंत गेले. तो तसाच उभा राहिला, मान जरा वर, डोळे समोर कुठे तरी. गार्ड गोंधळला. मग त्याने जोडलेले हात सोडले, पुढे होऊन दादाच्या दोन्ही कुशींना रोजच्यासारखा हात लावला आणि बाजूला झाला. तेव्हा कुठे दादाने हात खाली घेतले आणि डबा उचलला.

मी हे असंच सांगितलं. वर काही नाही, खाली काही नाही.

मग दादाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. दादा हसत होता.

"मी? हात वर? अबे, बाहेर आलो होतो मी. बाहेर आल्यावर कोण हात वर करते?"

"सवयीने केलेस दादा. तुला कळलंही नाही."

"काका, मस्त स्टोरी है," पुतण्या म्हणाला. "वाघिणीपेक्षा भारी."

"अरे, आईशप्पथ!"

"मगरीच्या वेळीही आईचीच शपथ घेतली होती तू," दादा डोळे पुसत म्हणाला. "ग्वारीघाटाला मगर तुला रस्ता विचारत होती."

वहिनी दारात येऊन उभी होती. तिच्याही चेहऱ्यावर हसू होतं, बरं वाटलेलं हसू. घरातला जडपणा गेला होता आणि तो मीच घालवला होता, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, असं त्या सगळ्यांना वाटत होतं. मी आणखी दोनदा शपथ घेतली. जितकी घेतली तितके ते हसले.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर गेलो. तो गार्ड मिळाला तर त्याला हाताला धरून दादासमोर उभा करणार होतो. तिथे दुसराच होता. "वो तो गया, भैया. उसकी ड्यूटी बदल गई." कुठे? त्याला ठाऊक नव्हतं. नाव विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी निघालो. ती तीन कोरी चित्रं रोलच्या डबीत पडून आहेत. त्यांच्यावर दादा उभा असायला हवा होता, हात वर करून, आणि तो पाहून दादा काय म्हणाला असता हे मला कधी कळणार नाही. कदाचित हसला असता. कदाचित तो फोटो त्याने लावलाही नसता. पण तो त्याने पाहायला हवा होता, आणि तो पाहणारा दुनियेत एकटा मी उरलो. माझ्या शब्दावर आमच्या गल्लीतलं कुत्रंही पोळीला येत नाही.

मागच्या महिन्यात डिपार्टमेंटची दोघं दादाला भेटायला आली. जलेबी झाली, चहा झाला, गप्पा रंगात आल्या. दादा, जो तीन दिवसांत एक वाक्य बोलतो, तो खुशीत येऊन मला म्हणाला, "अबे, ती हातवाली गोष्ट सांग ह्यांना. गेटवाली. अरे सुनो, ये गजब सुनाता है."

मी सांगितली. डबा खाली ठेवला, हात वर केले, हार कानांपर्यंत आले, गार्डने कुशींना हात लावला. जलेबीच्या ताटावरचा कागद उडेपर्यंत सगळे हसले. दादाने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "देखा? हर बार वैसी की वैसी सुनाता है. एक शब्द इधर का उधर नहीं."